यामाहा आरएक्स १०० : पेट्रोलचा कॉक उघडला की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतं

डर्ट ट्रॅकसाठी काढलेली १९९३ची आरएक्स १००, मिकुनी कार्ब (कार्ब्युरेटर). गाडी बंद असतानाही धार लागते, प्लग ओला. फ्लोट पिन (कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) नवी टाकली, फरक शून्य.

उत्तर १
आधी कॉक बंद करा. ओव्हरफ्लो तुंबला तर पेट्रोल थेट इंजिनच्या खालच्या भागात, क्रँककेसमध्ये उतरतं आणि किक दगडासारखी होते. अशा वेळी जोर लावू नका. प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, दहा-पंधरा सावकाश किका मारा. प्लगची वायर लांब ठेवा, बाहेर येणारी वाफ पेट घेते.

पिन नवी, पण ती जिथे टेकते ती सीट पाहिली का? पितळी सीटवर पांढरट-हिरवा थर बसतो. इअरबडला मेटल पॉलिश लावून फिरवा, मग कार्ब क्लीनरने धुवा. पॉलिश पेपर अजिबात नको, चरा पडला की सीट गेली.

उत्तर २
फ्लोट (कार्बमधला पोकळ तरंगता भाग) कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे दिसतील.

उत्तर ३
एक जागा सगळेच विसरतात. बाऊलमधली (कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी) उभी ओव्हरफ्लो नळी तडकते. बाऊल सुटा करून पेट्रोलने नळीच्या तोंडाखालपर्यंत भरा, वर्तमानपत्रावर टेकवून ठेवा. खालून थेंब आला तर पिन कितीही बदला, गळणारच.

प्रश्नकर्ता
नळीच! मुळाशी केसाएवढी चीर आहे. डाग देऊ (सोल्डर करू) की बाऊल बदलू?

उत्तर ३
बाऊलच बदला, गॅस्केटसकट.