आतड्यात फुटलेली पाऱ्याची पिशवी: ‘शौचावाटे पडून जाईल’ एवढंच सांगायचं?

सुनीता, मिशिगन (निवृत्त नर्स)
1970च्या दशकात इथे सर्जिकल वॉर्डात होते. आतडं अडलं की नाकातून कँटर ट्यूब घालायचो. टोकाला रबरी पिशवी, तिच्यात 4-5 मिली पारा. पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे तो नळीला ओढत आतड्यात नेई. कधी पिशवी आतच फुटायची. पेशंटला सांगितलं जाई, “घाबरू नका, पडून जाईल.” 5 मिली म्हणजे जवळजवळ 68 ग्रॅम पारा! मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

डॉ. नितीन
ताई, मला मात्र ते उत्तर बरोबर वाटतं. धातुरूप पारा आतड्यातून 0.01 टक्काही शोषला जात नाही. जपानमधल्या मिनामाटात माणसं दगावली ती मिथाइल पाऱ्याने, म्हणजे पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाने, तो माशांतून पोटात गेला होता. ही दोन विषं एकच समजून घाबरलो तर नको ती ऑपरेशनं होतील. एक्स-रेमध्ये पारा लख्ख पांढरा दिसतो. दर काही दिवसांनी फोटो काढून तो पुढे सरकतोय का बघावं, बस.

सुनीता
तो आकडा धडधाकट आतड्याचा, डॉक्टर. नळी घालायचो ती अडलेल्या, सुजलेल्या आतड्यात. तिथे भोक पडलं किंवा फिस्टुला (आतड्यातून बाहेर फुटलेली नको ती वाट) असला तर पारा पोटाच्या पोकळीत सांडतो, थेंब जागोजागी अडकतात, भोवती गाठी धरतात. अपेंडिक्समध्ये उतरला तर महिनोन् महिने तिथेच. शिवाय न फुटलेल्या पिशवीत आतड्यातला वायू शिरून ती फुगायची आणि अडथळा काढायला घातलेली नळी स्वतःच अडथळा व्हायची. पुढे पाऱ्याच्या जागी टंगस्टन आलं ते काय उगीच?

डॉ. नितीन
भोक पडलेल्या आतड्याबाबत तुमचं मान्य. तिथे वाट बघणं चूकच. अपेंडिक्सचं नाही. दुखत नाही, ताप नाही, तर फक्त फोटोत पारा दिसतो म्हणून मी पोट उघडणार नाही.

मयुरेश, सांगली
आमच्या मुलाने थर्मामीटर चावला होता. पोटात काय गेलं याचीच सगळ्यांना काळजी. खाली सांडलेला पारा आईने केरसुणीने झाडून काढला. ते चाललं असतं का?

डॉ. नितीन
नाही! मुलाच्या पोटापेक्षा त्या खोलीचीच काळजी जास्त करायला हवी होती. पाऱ्याची वाफ श्वासातून गेली तर 80 टक्क्यांच्या आसपास अंगात राहते. केरसुणीने थेंब फुटून आणखी पसरतात, व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट. खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचं, जाड कागदाने थेंब गोळा करून बरणीत घट्ट बंद करायचे.

सुनीता
डॉक्टर, वॉर्डात पिशवी फुटली की आम्ही फरशीवरचा पारा गॉझने पुसायचो. उघड्या हातांनी, खिडक्या बंद असताना. पेशंटच्या पोटावरून मी इतकी वाद घालायचे, पण आम्हा नर्सेसच्या श्वासात काय जातंय हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.