मदत हवी आहे: वेल पाईप धरतच नाही, खाली लोळतोय

गच्चीकर:
गच्चीवर दीड इंची पाईपचा मांडव करून घेतला, सात फुटी, ऑइलपेंट मारलेला. वेल दोनदा उचलून पाईपला गुंडाळला, दोन्ही वेळा सकाळी बघतो तर खाली. आज जरा जोर लावला तर शेंडाच मोडला. ओल्या लादीवर पडून पानं पिवळी पडताहेत. कृपया लवकर सांगा, मला शनिवारीच वेळ आहे.

मृद्‌गंधा:
कसला वेल? जाई, मधुमालती, कारलं? प्रत्येकाची चढायची तऱ्हा वेगळी.

हिरवाई४२:
पानं पिवळी म्हणजे मावा. लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि थोडा साबण, आठवड्यातून एकदा फवारा.

गच्चीकर:
मावा नाही, पानं उलटून पाहिली. लादीला टेकलेलीच पिवळी आहेत. वेल दोडक्याचा, लिहायचं राहिलं. २० लिटरची बादली, बी जूनच्या सुरुवातीला लावलं.

मृद्‌गंधा:
मग अडचण पाईपची आहे. मधुमालती खोडानेच पीळ घालत चढते, तिला पाईप चालला असता. दोडका ताण्यांनी, म्हणजे वेलाला फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या तंतूंनी धरतो आणि त्या ताण्यांना बारीक काहीतरी लागतं. सुतळी मिळाली की ताणा वळसा घालतो, मग मधला भाग स्प्रिंगसारखा आवळून वेलाला जवळ ओढतो. बादलीत काठी रोवा, तिथून मांडवापर्यंत सुतळी ताणा. वेलाभोवतीची गाठ सैल, बोट जाईल इतकी.

बांधावरचा:
सुतळी पावसात कुजते. नायलॉनच घ्या.

मृद्‌गंधा:
नायलॉन वाऱ्यात खोडाला काचतो. माझी सुतळी पूर्ण हंगाम टिकते.

बांधावरचा:
आमच्या कोकणात टिकवून दाखवा! भरल्या वेलासकट खाली आलेली आहे माझी.

गच्चीकर:
ते ठरवू नंतर. शेंडा मोडलाय, वेल गेला का?

बांधावरचा:
नाही. खालच्या पेरांतून फूट येईल. जोमदार असेल ती एकच ठेवा, मांडवाला पोचेपर्यंत बाकीच्या बगलफुटी काढत राहा. आणि वेल दुपारी वळवत जा. सकाळी पाण्याने टच्च असतो, कडकन मोडतो.

सुगरणबाई:
दोडके लागले की शिरा टाकू नका हो. तेलावर कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

हिरवाई४२:
निमतेल तरी मारून ठेवा.

गच्चीकर:
दुपारी सुतळी बांधली. संध्याकाळी एका ताण्याने दीड वळसा घातलेला दिसला, फार बरं वाटलं. बगलफूट म्हणजे पानाच्या बेचक्यातली ना? एका बेचक्यात कळ्यांचा घोस आहे, तोही खुडू?

मृद्‌गंधा:
नका! घोस नरफुलांचा, आधी तोच येतो. मादीफूल एकेकटं असतं, फुलाखाली बोटभर दोडका दिसतो. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच बघा.

बांधावरचा:
आडव्या पाईपांवर तरी नायलॉन टाका. फळांचं वजन तिथेच येतं.