मदत हवी आहे: विमानावर वणव्याची राख, आणि मे महिन्यात राजस्थानला जायचंय

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. कमर्शियल पायलट लायसन्स आहे, उड्डाणाचे तास अजून बेताचेच. बाबांचे एक मित्र, त्यांना मी काका म्हणतो, त्यांचं जुनं कार्बोरेटरवालं सेस्ना १७२ आहे. त्यात मी उजवीकडे बसतो आणि बाकीची हमाली करतो. हँगरमध्ये जागा नाही, विमान उघड्यावरच असतं.

गेल्या आठवड्यात घाटाकडे वणवा लागला. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आग लागली तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. हे तेवढं मोठं नव्हे, बहुतेक काजूच्या बागेतला पालापाचोळा जाळताना सुटलेलं. पण सकाळी जाऊन बघतो तर पंखांवर राखेचा थर, वर दव पडून त्याचा चिखल. एक जळकं पान तर शिरांसकट शाबूत होतं, बोट लावलं आणि पीठ झालं. मी बादली आणेपर्यंत काकांनी खिशातला रुमाल काढून पुढची काच पुसली! माझी आजी राखेनेच पितळी घासायची हो. आता ऊन समोरून आलं की काचभर कोळ्याचं जाळं दिसतं.

एअर फिल्टर करडा पडलाय. झटकून चालेल का बदलू? आणि खरी काळजी पुढची आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात काकांना लग्नाला किशनगडला जायचंय, ह्याच विमानाने. तिकडच्या आंधीचा मला शून्य अनुभव. कोणी केलंय का असं?

---

प्रतिसाद (एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनियर, आता निवृत्त):

फिल्टर झटकू नकोस, बदल. इंजिनाच्या एका सिलिंडरच्या खर्चापुढे तो फुकट आहे. त्याच्या कडेचं सीलही बघ, फट असेल तर नवा फिल्टर लावून काय उपयोग? तेल लवकर बदल आणि नमुना तपासायला दे. सिलिकॉनचा आकडा मागच्यापेक्षा चढला असेल तर धूळ आत गेलीय असं समज. ओली राख अल्कधर्मी असते, अ‍ॅल्युमिनियमला खाते, म्हणून आजच भरपूर पाण्याने धू, आधी न घासता. धुताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रं, ती बुजली की उंची-वेगाचे काटे खोटं दाखवतात) पट्टी लावशील, ती भडक रंगाची लाव आणि काढ. १९९६ मध्ये पेरूत एका बोइंग ७५७ वर अशीच पट्टी राहून गेली आणि ७० माणसं गेली. लॉगबुकात सही मात्र तुमच्या एएमईचीच.

आणि एक गोष्ट भले भले विसरतात. कार्ब हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा देणारी दांडी) ओढलीस की हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते. धुळीच्या अ‍ॅप्रनवर (विमानं उभी करतात ती जागा) ती उगाच चालू ठेवू नकोस. रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत, तपासायची तेवढीच, तीही पक्क्या, स्वच्छ जागेवर.

---

प्रतिसाद (राजस्थानात शिकवलेली):

दादा, पहाटे निघा आणि दुपारच्या आत विमान बांधून मोकळे व्हा. तिकडे दुपारनंतर ढग गडगडतात, त्यांच्यातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत उठवते. ती दिसल्यावर तिच्याशी शर्यत लावू नका, वळा. धुरकट हवेत आणखी एक फसवणूक: सरळ खाली बघितलं की शेतं, रस्ता सगळं स्वच्छ, समोर मात्र दूधच. धावपट्टी समोरच शोधायची असते, खाली नव्हे. व्हीएफआरला, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडवायला, ५ किमी दृश्यता लागते. मेटारमध्ये (विमानतळाचा हवामान अहवाल) एफयू म्हणजे धूर, डीयू म्हणजे धूळ, डीएस म्हणजे धुळीचं वादळ, ते दिसलं तर चहा मागवा.

---

धागाकर्ता:

फिल्टर मागवला. काच पॉलिश होईल म्हणतात, खर्च काकांनी निमूट कबूल केला. लग्नाचं त्यांना सांगितलं की पहाटे चारला उठायला लागेल. ते म्हणाले, "मग रेल्वेने जाऊया मरे." काम फत्ते! देव बरें करूं.