मदत हवी आहे: बाइकच्या फ्यूजऐवजी सर्किट ब्रेकर लावावेत का?

बाइक १२ व्होल्टची. बॉक्समध्ये पात्याचे मिनी फ्यूज आहेत: मेन ३० अँपिअर, हेडलाइट १५, हॉर्न-ब्रेकलाइट-इंडिकेटर १०. आडरानात रात्री फ्यूज शोधत बसायला नको म्हणून त्याच खाचेत बसणारे ब्रेकर (जास्त करंट गेला की सर्किट तोडणारे, पण न बदलता पुन्हा जोडता येणारे) लावायचा विचार आहे.

फ्यूज वारंवार उडतात असं नाही. वायरिंग तपासलंय, हँडलच्या मानेपाशी कुठे घासलेलं नाही. १० च्या सर्किटवर सगळं चालू असताना मीटर ६-७ अँपिअर दाखवतो. रेटिंग वाढवणार नाही. घरातल्या एसी करंटसाठीचा एमसीबी (मीटरपाशी असतो तो ब्रेकर) अर्थातच नको.

अडलंय ते ब्रेकरच्या प्रकारावर. टाइप १ थंड झाला की आपोआप पुन्हा जोडला जातो. शॉर्ट तसाच असेल तर वायर परत परत तापत राहणार, म्हणून तो बाद. टाइप ३ बटण दाबल्याशिवाय जुळत नाही, हे मला पटतं. पण तो उंच असतो, झाकण लागत नाही, म्हणजे पाण्याचा प्रश्न आला. शिवाय आतली बायमेटलची (दोन धातूंची, तापली की वाकून सर्किट तोडणारी) पट्टी उष्णतेवरच चालते आणि बॉक्स इंजिनाजवळ आहे.

मेनला फ्यूजच ठेवून बाकीच्यांना टाइप ३ लावले, तर उष्णतेने किंवा कंपनाने ते विनाकारण ट्रिप होतात का? हेडलाइट धावत्या गाडीत अचानक जाऊ नये, तर तिथेही फ्यूजच बरा का? कोणी प्रत्यक्ष वापरलेत?