मदत हवी आहे: काचेच्या शेगडीसाठी प्रेशर कॅनर कोणता घ्यावा?

आम्ही डेन्व्हरला राहतो, उंची 5,280 फूट. शिजवलेले राजमा-छोले बरण्यांत भरून, प्रेशर कॅनरमध्ये (बंद बरण्या दाबाच्या वाफेत तापवायचं मोठं भांडं) तापवून फडताळात ठेवायचेत; फ्रीझर कायम गच्च असतो. भाड्याचं घर, त्यामुळे काचेच्या पृष्ठभागाची इलेक्ट्रिक शेगडी बदलता येत नाही.

आपला शिट्टीचा कुकर किंवा इन्स्टंट पॉट चालेल का, हे विचारू नका. बोटुलिझमच्या (बंद बरणीत वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषबाधेच्या) भीतीने दोन्ही बाद केलेत. कडधान्यांत आम्ल कमी, म्हणून 116 अंश सेल्सिअस हवंच. यूएसडीएच्या (अमेरिकी कृषी खात्याच्या) तक्त्यात पाइंटच्या (साधारण अर्धा लिटर) बरणीला 75 मिनिटं, क्वार्टला (साधारण एक लिटर) 90 दिलीत. लोणची-मुरांब्यांचा प्रश्न नाही.

ऑल अमेरिकन 921 हा कॅनर बघितला. झाकणाला रबर नाही, धातूवर धातू बसतो, सहा पंखस्क्रू आवळायचे. जन्मभर टिकेल असा ऐवज. पण भरलेल्या बरण्यांसकट ते धूड काचेवर ठेवायची छाती होत नाही. प्रेस्टो 23 क्वार्ट हलका आणि स्वस्त, पण त्याची दाब दाखवणारी डायल दरवर्षी तपासून घ्या म्हणतात. त्यापेक्षा 5-10-15 पौंडांचं वेगळं मिळणारं वजन लावून थेट 15 वर चालवावा असं वाटतंय. आमच्या उंचीला वजनवाल्या कॅनरला तेवढाच दाब लागतो.

अडलंय ते शेगडीपाशी. कॉइल आपोआप बंद-चालू होते, आणि दाब मध्येच उतरला तर वेळ पहिल्यापासून मोजायची. काचेच्या शेगडीवर प्रेस्टो वापरणारं कुणी आहे का? 75 मिनिटं दाब सलग टिकतो का, की सरळ वेगळी इलेक्ट्रिक शेगडी घ्यावी, आणि किती वॅटची?