हनोईच्या हॉटेलने तिघांचे पासपोर्ट ठेवून घेतलेत. आत्ता मागू का?

माहेर_मिरज
हनोईत आहोत. मी, हे आणि सासूबाई (वय ७२, पहिलाच परदेश प्रवास). जुन्या शहरात, होआन कियम तळ्यापासून पाच मिनिटांवर छोटंसं हॉटेल आहे. दुपारी रिसेप्शनवरच्या मुलीने तिन्ही पासपोर्ट घेतले, रबरबँड लावला आणि ड्रॉवरमध्ये टाकले. तिथे आधीचेच पंधरा-वीस पडले होते. मी हात पुढे केला तर हसून म्हणाली, "चेक-आउट, चेक-आउट." मागे रांग लागलेली, ह्यांचं नेहमीचं "राहू दे गं". आलो वर.

सासूबाईंचा पासपोर्ट मिरजेपासून कमरेच्या चंचीत होता. आता पावणेबारा वाजलेत आणि त्या पलंगावर बसून आहेत. "लग्नघरात मी माझा चपलाहार कुणाच्या ड्रॉवरात टाकला नाही, आणि हा टाकू?" मी खाली डोकावून आले. काउंटरमागे घडीची खाट टाकून एक मुलगा झोपलाय. ड्रॉवरला कुलूप नाही.

इथे असंच असतं का? उठवू का त्याला? परवा हा लाँग खाडीतली बोट, मग दा नांग शहर. तिथेही हेच होणार?

कळंगुट_फ्रंटडेस्क
वहिनी, उठवा बिनधास्त. नाइट ड्यूटीवाला उठण्यासाठीच झोपलेला असतो. ११ वर्षं मी तेच करतोय.

काउंटरच्या आतली गोष्ट सांगतो. परदेशी पाहुणा आला की आम्हालाही २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. पासपोर्टचं पान, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, सगळं. व्हिएतनाममध्ये हॉटेलवाल्याला त्याहून कमी वेळ आहे, शहरात १२ तास. म्हणजे पासपोर्ट हातात घेणं हे त्या मुलीचं कामच. पण स्कॅन झाला की ते काम संपलं. रात्रभर ड्रॉवरमध्ये ठेवायची गरज त्यात कुठेच नाही.

मग ठेवतात का? गर्दीत "नंतर भरू" म्हणून. आणि दुसरं कारण कुणी तोंडाने बोलत नाही: पाहुणा बिल बुडवून पळू नये. तुमचे पैसे आधीच भरलेले असतील तर पावती दाखवा, नसतील तर आत्ता भरून टाका. तारण ठेवायला काही उरतच नाही.

ड्रॉवरचं म्हणाल तर माझंच सांगतो. आधीच्या हॉटेलात एका डिसेंबरात दोन जर्मन जोडप्यांचे पासपोर्ट एकत्र झाले. चारही मरून रंगाचे. मी घाईत एकाचा दुसऱ्याला दिला. दाबोळीला विमान कंपनीच्या काउंटरवर त्याला कळलं, मला फोनवर. मग मी स्कूटर काढून कळंगुटहून सुटलो, वाटेत जुआरीच्या पुलावर ट्रॅफिक. विमान मिळालं त्याला. टिप अर्थातच नाही. तेव्हापासून स्कॅन होईपर्यंत पाहुण्याला खुर्ची आणि कोकम सरबत, पासपोर्ट आधी हातात, खोलीची किल्ली नंतर.

पुढच्या हॉटेलात वर जाऊच नका. "स्कॅन करा, आम्ही इथेच बसतो" म्हणायचं आणि बसायचं. तीन माणसं सोफ्यावर बसली की काम पटकन होतं.

एरंडवणे_ते_एदो
जपानमध्ये पासपोर्टची झेरॉक्स काढतात, नियमच आहे तो. पण तुमच्यासमोर, आणि दोन्ही हातांनी परत.

माझा वाद स्पेनमध्ये झाला. अपार्टमेंटच्या मालकाने पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला. पाहुण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे, डिसेंबर २०२४ पासून तपशीलही जास्त द्यावे लागतात, पण तपशील देणं वेगळं आणि अख्ख्या पानाचा फोटो देणं वेगळं. तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनेच २०२५ मध्ये सांगितलंय की प्रत घेऊ नये. मी माहिती टाइप करून पाठवली. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांच्या नावापासून घरच्या पत्त्यापर्यंत सगळं आहे, ते कुणाच्या फोनच्या गॅलरीत कशाला?

घाटकोपर_लोकल
हॉटेलचं एक वेळ ठीक. दा नांगला स्कूटर भाड्याने घेतलीत आणि त्याने पासपोर्ट मागितला तर सरळ दुसरं दुकान गाठा. जुनाच ओरखडा दाखवून पैसे मागितले तर तुम्ही काय करणार, पासपोर्ट त्याच्याकडे! रोख डिपॉझिट द्या.

आणि हरवला तर पोलिसांत तक्रार, मग दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढचा कुठलाही देश विसरा. वर व्हिएतनाममधून निघायला एक्झिट व्हिसा. सासूबाई बरोबर आहेत.

माहेर_मिरज
चार दिवसांनी लिहितेय, माफ करा. त्या रात्री उठवलं. बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणत उठला, आमचे तिन्ही शोधायला त्याला दहा मिनिटं लागली, कारण त्या दिवशी आणखी एक भारतीय ग्रुप आला होता आणि सगळे निळेच. सासूबाईंनी फोटो उघडून खात्री केली, मगच चंचीत.

बोटीवर गाईडने नोंदणीसाठी सगळ्यांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळा केले. तिथे इलाज नव्हता. अख्खं हा लाँग लोक डेकवर उभं राहून बघत होते, सासूबाई आत त्या पिशवीशेजारी.

दा नांगला आम्ही सोफ्यावर बसलो. सहा मिनिटं. कोकम सरबत नव्हतं, लेमनग्रासचा चहा मिळाला.