अँटीबॉडी परजीवीला ‘मारतात’ म्हणायचं का?

गिरणाकाठ: मंडळी, एक अडचण आहे. आशाताईंच्या ट्रेनिंगसाठी मलेरियावरचं मटेरियल मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मी लिहिलं, ‘प्रतिपिंडे (म्हणजे अँटीबॉडी) परजीवी आदिजीवांना (एकपेशीय जीवांना) ओळखतात आणि ठार मारतात.’ तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोन्ही क्रियापदांना लाल गोल करून परत पाठवलं. ओळखतही नाहीत, मारतही नाहीत म्हणे. मग करतात काय? शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

रावेरचा_भो: बाई बरोबर बोलल्या भो. अँटीबॉडी म्हणजे आजाराशी लढायला शरीर बनवतं तो प्रथिनाचा रेणू, त्याला ना डोळे ना डोकं. त्याच्या टोकाचा आकार परजीवीच्या अंगावरच्या एखाद्या तुकड्याशी जुळला की तो चिकटतो, बस. डास चावल्यावर मलेरियाचा परजीवी रक्तात येतो तेव्हा त्याच्या अंगभर सीएसपी नावाचं प्रथिन असतं, त्याला अँटीबॉडी चिकटली की त्याला लिव्हरच्या पेशीत शिरणं अवघड जातं. डब्ल्यूएचओने 2023 मध्ये शिफारस केलेली मलेरियाची आर-21 लस, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते ती, तिचा नेम याच प्रथिनावर आहे. यात मारलं कुठे? वाट अडवली. ‘जखडतात’ लिहा.

माहेर_अमळनेर: ‘ओळखतात’ला काय हरकत आहे? मोबाईल बोट ओळखतो असं आपण रोज म्हणतोच की. आमची आजी एका शेजारणीबद्दल म्हणायची, ‘वळखस पन बोलस नही.’ अँटीबॉडीचं तेच, वळखस पन मारस नही 😀 माझ्या मते ओळख हा शब्द ‘अवलक्ष’वरून आलाय, म्हणजे नीट पाहणे.

शुद्धमराठी: उपलक्ष वरून. अवलक्षवरून धरलं तर अवलक्षणी आणि ओळखीचे एकाच घरातले निघतील.

माहेर_अमळनेर: निघतात कधीकधी.

पॅथॉलॉजीवाला: मुद्द्यावर येतो, जरा लांबेल. सरसकट ‘मारत नाहीत’ म्हणणं पण चूक आहे कारण अँटीबॉडी चिकटल्यावर रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि परजीवीच्या आवरणाला भोकं पाडतात, टॉक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या एका परजीवीसाठीची 1948 सालची सेबिन-फेल्डमन टेस्ट यावरच उभी होती, जिवंत परजीवी, पेशंटचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी), कॉम्प्लिमेंट आणि निळा रंग, अँटीबॉडी असतील तर परजीवी फुटतो आणि रंग घेत नाही. दुसरं म्हणजे अँटीबॉडीची शेपटाची बाजू भक्षक पेशींना धरायला मूठ म्हणून मिळते, मग त्या परजीवीला गिळतात. मलेरियात तर असंही दिसलंय की परजीवी वाढवलेल्या बशीत नुसत्या अँटीबॉडी टाकल्या तर फार फरक पडत नाही, सोबत मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या भक्षक पेशी, टाकल्या की वाढ मंदावते. म्हणजे मारणारा हात वेगळा, मारायला लावणारा वेगळा. आपल्या भाषेत यासाठी सोय आहेच, ‘मारवतात’.

शुद्धमराठी: मारवतात?? हे हिंदीतलं मरवाना मागच्या दाराने आलं. मराठीत ‘मला मारवत नाही’ म्हणजे मारायचं धैर्य होत नाही. उद्या आशाताई सांगतील, प्रतिपिंडांना मारवत नाही, बिचारी मऊ मनाची.

पॅथॉलॉजीवाला: करवणे, बसवणे, हसवणे चालतं ना? मग ‘मारवून घेतात’ घ्या.

शुद्धमराठी: नाही घेणार.

तोरणमाळ_कडून: मला तर प्रतिपिंडच नको वाटतं. एका ट्रेनिंगला हा शब्द सांगितल्यावर एक ताई म्हणाली, पिंडाला कावळा शिवतो ते माहितीये, प्रति कशाला? सगळा वर्ग हसला. प्रतिद्रव्य म्हणा, शेवटी ते द्रव्यच आहे.

शुद्धमराठी: पिंड म्हणजे देहसुद्धा, पिंडी ते ब्रह्मांडी. एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1891 मध्ये जर्मनमध्ये आंटीक्योर्पर लिहिलं, त्यात क्योर्पर म्हणजे देह, इंग्रजीने त्याची बॉडी केली, आपण पिंड. तीन भाषांत एकच चाल आहे, ती काबरं मोडायची?

रावेरचा_भो: आशाताई तिन्ही भाषांत अँटीबॉडीच म्हणतात, कोविडपासून सगळ्यांना पाठ झालंय.

माहेर_अमळनेर: पण अँटीबॉडी असल्या म्हणजे आजार जाणारच असं आहे का?

पॅथॉलॉजीवाला: बिलकुल नाही. काळाआजार घ्या, पेशंटच्या रक्तात अँटीबॉडीचा पूर असतो, आरके-39 ही तपासणीची पट्टी त्यावरच चालते, पण उपयोग शून्याजवळ, कारण त्याच्या परजीवीचं, लीशमानियाचं, घरच भक्षक पेशीत. अँटीबॉडीने धरून दिला तर तो आयताच घरी पोचतो. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा ट्रिपॅनोसोमा तर आवरणाचं प्रथिनच बदलत राहतो, जुन्या अँटीबॉडीला तो अनोळखी. इथे मला ‘ओळखतात’ शब्द पटतो.
उलट बाजू पण आहे. 1961 मध्ये गॅम्बियात मलेरिया पचवलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडी असलेला भाग, आजारी पोरांना दिलं, कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी, आणि परजीवींची संख्या झपाट्याने उतरली. तांबड्या पेशीच्या आत बसलेल्याला नाही, पेशी फोडून नव्या पेशीकडे निघालेल्याला अँटीबॉडी गाठत असाव्यात असा त्यांचा अंदाज.

तोरणमाळ_कडून: आमच्याकडे पावरा-भिल्ल वस्तीत लोक म्हणतात सिकलसेलवाल्याला (रक्ताचा आनुवंशिक आजार) मलेरिया होत नाही, ते पण अँटीबॉडीमुळे?

पॅथॉलॉजीवाला: नाही, तो हिमोग्लोबिनचा भाग. आणि ‘होत नाही’ चूक, सिकलसेलचं एकच जनुक असलेल्याला फाल्सिपॅरम हा घातक प्रकारचा मलेरिया जिवावर बेतण्याइतका क्वचित होतो एवढंच. दोन्ही जनुकं असलेल्या पेशंटला मलेरिया उलट जास्त धोक्याचा, हे मात्र ट्रेनिंगमध्ये नक्की सांगा.

रावेरचा_भो: आणि परजीवी तरी कशाला, बांडगूळ म्हणा ना. कोणालाही कळतं.

शुद्धमराठी: बांडगूळ झाडावर असतं.

रावेरचा_भो: आमच्या गावात ग्रामपंचायतीत पण आहेत.

माहेर_अमळनेर: बांडगुळाची पानं हिरवी असतात भाऊ, ते आंब्याचं पाणी आणि क्षार ओढतं पण अन्न बरंचसं स्वतः करतं. आयतं खाणारी अमरवेल, पिवळी, बिनपानाची.

शुद्धमराठी: अमरवेल हे नाव तर आधीच चूक आहे, यजमान झाड वाळलं की ती पण वाळते.